माळ्यावरच्या कॅसेटी, एनएएस आणि जेलीफिन

एनएएसचं खोकं, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्या फाईली एका जागी ठेवायचा डिस्कचा डबा, घरात आलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न, "पाणी आलं तर?"

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाकडच्या बाजूला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे आमच्यात शाळेतल्या पोरालाबी पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोन वर्षांनी २०२१ ला परत तेच. २०१९ ला खालच्या खोलीतलं शोकेस गेलं, त्यात फोटोचे सात अल्बम होते, पाणी ओसरल्यावर उघडायला गेलो तर पानं एकमेकाला चिकटून पार वीट झालेली. आईनं एक अल्बम गच्चीवर वाळत घातला, आठवडाभर रोज उलटापालटा केला, शेवटी गप उचलून ठेवून दिला. वाचल्या त्या माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटी आणि सीड्या, आणि त्यासुद्धा कुणाला नको होत्या म्हणून वर टाकलेल्या म्हणून वाचल्या.

तर एनएएस वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. राउटर खाली होता, मग तोही वर आणला, त्यासाठी फायबरवाल्याला बोलवून वायर वर ओढून घेतली, त्याला दोन दिवस आणि तीन फोन लागले, ते जाऊ दे.

मशीन म्हणजे सिनॉलॉजीचा डीएस२२४ प्लस. दोन डिस्कची जागा, आत इंटेलचा सेलेरॉन जे४१२५, रॅम २ जीबी. त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या, पण दोन्हीवर तेच ते लिहिलं जातं म्हणजे वापरायला ४ टीबीच मिळतात, आणि दाखवताना ते साडेतीनच्या आसपास दाखवतं. बाबा म्हणाले, "पैसे आठ टीबीचे दिलास आणि मिळाले साडेतीन, कुठल्या दुकानदारानं गंडवलं?" एक डिस्क मेली तर दुसरी चालू राहते हे त्यांना पटलं, पण पटल्याचं तोंडानं काय कबूल केलं नाही.

स्वस्तातला एआरएम प्रोसेसरवाला का घेतला नाही तर ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून देण्यासाठी. फाईल टीव्हीला किंवा फोनला जशी आहे तशी चालली तर सर्व्हरला कामच नसतं, नुसती फाईल पाठवायची. पण समोरच्या डब्याला तो फॉरमॅट कळत नसला किंवा नेट कमी पडत असलं की सर्व्हरला चालू असतानाच व्हिडिओ बदलून द्यावा लागतो, आणि तिथं इंटेलचं क्विक सिंक लई उपयोगी पडतं. चिपमध्येच त्या कामाची वेगळी सोय असते, प्रोसेसर मोकळा राहतो.

आता एनएएसवरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवायला सॉफ्टवेअर कुठलं, प्लेक्स का जेलीफिन. मित्राकडं प्लेक्स आहे, दिसायला झकास आहे, पण त्याला स्वतःच्या घरातल्या सर्व्हरवर जायला पण त्यांचं खातं लागतं, हार्डवेअर ट्रान्सकोडिंग पैसे भरल्यावर मिळतं, आणि २०२५ पासनं घराबाहेरनं आपलेच व्हिडिओ बघायचे तरी पैसे. त्यांचा धंदा आहे, त्यांचं बरोबर असेल. पण मला घरातल्या लग्नाच्या कॅसेटी दाखवायच्या होत्या, त्याला कुठल्या खात्यात लॉगिन करू? जेलीफिन फुकट आहे, ओपन सोर्स आहे. एम्बी नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यांनी कोड बंद केला तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही लोकांनी जुना कोड घेऊन वेगळी चूल मांडली, ते हे जेलीफिन.

बसवायला अर्धा तास लागतो असं सगळे म्हणतात. खरं आहे, ज्याला येतंय त्याला अर्धा तास. मला शनिवार रात्र आणि अख्खा रविवार गेला.

सिनॉलॉजीच्या डीएसएम ७.२ मध्ये, म्हणजे एनएएसच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, कंटेनर मॅनेजर आहे, आधी त्यालाच डॉकर म्हणायचे. कंटेनर म्हणजे एखादं सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात चालवायची सोय. त्यात प्रोजेक्ट म्हणून भाग आहे तिथं कंपोज फाईल टाकायची, कंटेनर कसा चालवायचा ते त्यात लिहिलेलं असतं. बटणं दाबून पण कंटेनर करता येतो पण त्या रस्त्यानं ग्राफिक्सचं डिव्हाइस आत देता येत नाही, म्हणून सरळ कंपोज फाईलच लिहा. पहिल्यांदा रन केलं तर म्हणतंय बाइंड माउंट फेल, फोल्डर नाही. म्हणजे कॉन्फिग आणि कॅशची फोल्डरं आपणच आधी करून ठेवायची, ते स्वतः करत नाही. केली. मग म्हणतंय फाईलच चुकली. वीस मिनिटं त्या बारा-पंधरा ओळींकडं बघत बसलो, तर व्हॉल्यूम्सच्या खाली एका ओळीत स्पेस एक कमी. कंपोज फाईल यामल नावाच्या पद्धतीनं लिहितात, त्यात एका स्पेसनं घर फिरतं. आई दारात येऊन म्हणाली, "काय करालायस एवढ्या रात्री?" म्हटलं एक मोकळी जागा शोधालोय. ती गेली निघून.

मग खरा घोळ. यूजरच्या ओळीत मी कुठनंतरी कॉपी केलेलं १०००:१००० तसंच ठेवलं होतं. कंटेनर चालू व्हायचा, पडायचा, परत चालू व्हायचा, लॉगमध्ये परवानगी नाही, परवानगी नाही. मी शहाणपणा करून कॉन्फिग फोल्डरला एव्हरीवन म्हणून सगळ्यांना रीड-राईट देऊन टाकलं. चालू झालं! ब्राउझरमध्ये एनएएसचा पत्ता आणि पुढं ८०९६ पोर्ट टाकला, जांभळा-निळा लोगो आला, ॲडमिनचं खातं केलं, लायब्ररी जोडली, स्कॅन झालं, आणि लायब्ररी रिकामी. फाईल स्टेशनमध्ये बघितलं तर व्हिडिओ जिथल्या तिथं. परत स्कॅन, परत रिकामी.

कारण साधं होतं. कंटेनरमधलं जेलीफिन १००० नंबरचा यूजर म्हणून चाललेलं आणि तसा कुठला यूजर माझ्या एनएएसवर नव्हताच, मग व्हिडिओच्या फोल्डरचं दार त्याला कोण उघडणार. कंट्रोल पॅनलमधनं एसएसएच, म्हणजे लॅपटॉपवरनं कमांड देऊन एनएएसच्या आत शिरायची वाट, चालू केलं, आत जाऊन आयडी कमांड मारली तर माझा नंबर १०२६ आणि ग्रुप १००. सिनॉलॉजीवर आपण केलेला पहिला यूजर बहुतेक १०२६ च असतो. ते कंपोजमध्ये टाकलं, कॉन्फिग फोल्डर परत नीट केलं, एव्हरीवन काढलं, प्रोजेक्ट परत उभा केला आणि व्हिडिओ दिसले. एसएसएच काम झाल्यावर बंद करा, मी दोन आठवडे उघडं ठेवलं होतं.

अजून एक, मीडियाचं फोल्डर रीड-ओन्ली जोडा, ओळीच्या शेवटी कोलन आरओ. म्हणजे जेलीफिनमधनं कुणी चुकून डिलीट दाबलं तरी मूळ फाईलला धक्का लागत नाही. आमच्यात माझा सात वर्षांचा भाचा सुट्टीला येतो, एवढं कारण बास आहे.

ग्राफिक्सचं पण तसंच झालं. डेव्ह डीआरआय हे डिव्हाइस कंटेनरला दिलं, डॅशबोर्डवर क्विक सिंक चालू केलं आणि व्हिडिओच चालायचा बंद झाला. त्या डिव्हाइसचा मालक वेगळा ग्रुप असतो, त्या ग्रुपचा नंबर बघून कंपोजमध्ये ग्रुप ॲडखाली द्यावा लागतो. ते झाल्यावर माझ्या फोनवरचा ४के एचईव्हीसी व्हिडिओ बारक्या साईझमध्ये चालवून बघितला, आधी सीपीयू १०० टक्क्याला टेकून धापा टाकत होता, आता निवांत.

इथंवर रविवार संपला आणि मला वाटलं काम झालं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला तिथं मी एक कंटेनर चालू करून कॉलर ताठ करून फिरत होतो. खरं काम तर अजून माळ्यावरच होतं.

नऊ व्हीएचएस कॅसेटी आणि चौदा व्हीसीडी. कॅसेटीसाठी आत्याकडनं इचलकरंजीहून व्हीसीआर आणला, आमचा कधीच भंगारात गेलेला. दोन कॅसेटींच्या फितीला पांढरी बुरशी, त्या वेगळ्या ठेवल्या, कारण तशीच लावली तर व्हीसीआरचं हेड पण खराब होतं आणि पुढची चांगली कॅसेट पण. बाकीच्या यूएसबी कॅप्चरच्या दांडक्यानं लॅपटॉपवर घेतल्या. यात घाई चालत नाही, तीन तासाची कॅसेट म्हणजे तीन तास, चालू करून बसायचं. येतं ते ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, म्हणजे कुणी हात हलवला की कडेला कंगव्यासारख्या रेघा. ते एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरनं एकदाच डीइंटरलेस करून, म्हणजे त्या रेघा काढून ठेवलं, सेकंदाला ५० फ्रेम केल्या की वरातीतला लेझीम एकदम मऊ दिसतोय, जुन्या टीव्हीवर दिसायचा तसा.

व्हीसीडीनं मात्र घात केला. प्रत्येक सीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात फाईलचं नाव एव्हीएसईक्यू०१ डॅट. चौदा सीड्या, चौदांत तेच नाव. ताईचं लग्न पण एव्हीएसईक्यू०१ आणि मामाची वास्तुशांत पण एव्हीएसईक्यू०१. मी रात्री अकरा वाजता एकाच फोल्डरात कॉपी करत बसलेलो, लॅपटॉप विचारतोय रिप्लेस करू का, मी झोपेत होय म्हणतोय. तिसऱ्या सीडीला डोक्यात उजेड पडला. सीड्या शाबूत होत्या म्हणून बरं, परत पहिल्यापासनं.

आणि मग मी ते सगळे व्हिडिओ जेलीफिनमध्ये मूव्हीज प्रकारच्या लायब्ररीत टाकले. ही माझीच चूक. मूव्हीजची लायब्ररी म्हणजे फाईलचं नाव वाचून ती टीएमडीबी नावाच्या सिनेमांच्या डेटाबेसमध्ये जुळणी शोधते. सकाळी बघतो तर ताईच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर, बंदूक घेतलेला दाढीवाला माणूस, खाली वर्णन, नटनट्यांची नावं. ताईला स्क्रीनशॉट पाठवला. ती म्हणाली दाजी तेव्हा असेच दिसत होते.

तर घरगुती व्हिडिओसाठी वेगळी लायब्ररी करायची, प्रकार होम व्हिडिओज अँड फोटोज. ती बाहेर कुठं शोधायला जात नाही, फोल्डर जशी असतील तशी दाखवते. म्हणजे नावं आपण नीट द्यायची, आणि इथं आमच्यात पंधरा दिवस गेले. मी नियम केला, आधी साल-महिना इंग्रजी आकड्यात म्हणजे ओळीनं लागतात, पुढं मराठीत कार्यक्रम. देवनागरी नावं टीव्हीवर झकास दिसतात, काय अडचण येत नाही. पण साल माहीत कुणाला? कॅसेटीवरची कागदं एकतर पडलेली नाहीतर त्यावर नुसतं "लग्न". कुणाचं लग्न?

मग रोज जेवण झाल्यावर आई आणि फोनवर आत्या, आणि मी व्हिडिओ पळवतोय. आई साल माणसांवरनं काढत नव्हती, वस्तूंवरनं काढायची. "थांब थांब, मागं घे. तो गॅसचा ओटा बघ, अजून शहाबादी फरशी हाय, म्हणजे कडाप्पा बसवायच्या आधीचं." कडाप्पा कधी बसवला? "तू पोटात असताना." झालं, साल मिळालं. एका बारशाच्या व्हिडिओत मागं भिंतीवर कॅलेंडर होतं, मी थांबवून झूम केलं, ३५२ बाय २८८ च्या चित्रात काय दिसणार, नुसते चौकोन. आत्या फोनवरनं म्हणाली कॅलेंडर कशाला बघतोस, वहिनीच्या हातात पाटल्या हायत का बघ, पाटल्या मोडून स्कूटर घेतली. पाटल्या होत्या. स्कूटरचं आरसी बुक बाबांनी जपून ठेवलेलं, त्याच्या आधीचं म्हणून फोल्डरला नाव दिलं. बाबा पेपर वाचतोय असं दाखवत ऐकत होते, पाटल्यांचा विषय निघाल्यावर उठून बाहेर गेले.

बाबांना एकच कॅसेट पाहिजे होती, आबांच्या साठीशांतीची. आबा माझे आजोबा, त्यांचा चालताबोलता दुसरा कुठलाच व्हिडिओ नाही, लग्नात सगळीकडं ते कॅमेऱ्याकडं पाठ करून जेवण वाढताना दिसतात. ती कॅसेट उतरवलेल्या सातांत नव्हती. बुरशीच्या दोन राहिल्या होत्या. त्या एका जुन्या फोटोग्राफरकडं दिल्या, त्यानं साफ करून उतरवून दिल्या, एकात काय ते नंतर सांगतो, दुसरीत आमची मुंज.

मधेच सिनेमांची लायब्ररी पण केली, आपल्या जुन्या डीव्हीड्या होत्या त्यांची. तिथं एकाही सिनेमाला पोस्टर येईना. आमच्या नेटवाल्याच्या डीएनएसवरनं, म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरवरनं, टीएमडीबी उघडतच नव्हतं, हे भारतात बऱ्याच जणांना येतंय. एनएएसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ टाकला, प्रोजेक्ट रीस्टार्ट केला, पोस्टरं आली. फाईलचं नाव सिनेमाचं नाव आणि कंसात साल असं ठेवा, एकाच नावाचे दोन-दोन मराठी सिनेमे आहेत, साल नसलं की गफलत.

टीव्ही अँड्रॉइडवाला आहे, त्यावर जेलीफिनचं ॲप मिळतं. आईसाठी वेगळा यूजर, त्याला फक्त घरातल्या व्हिडिओंची लायब्ररी दाखवली. रिमोटनं पासवर्ड टाकत बसायला नको म्हणून क्विक कनेक्ट, टीव्हीवर सहा आकडे येतात ते फोनवरनं जेलीफिनमध्ये टाकले की लॉगिन. आई शिकली दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी पाऊस, लाईट गेली, आली, आणि आई खालनं हाक मारतेय, "अरे गेलं की रे सगळं लग्न!" काय गेलं नव्हतं. राउटर परत चालू झाल्यावर त्यानं एनएएसला नवीन आयपी दिला होता, शेवटचा आकडा ७ चा १२ झालेला, टीव्ही बिचारा जुन्या पत्त्यावर दार वाजवतोय. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून एनएएसचा पत्ता कायमचा बांधून टाकला. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. आणि यूएसबी वायरवाला बारका यूपीएस घेतला, लाईट गेली की एनएएसला कळतं आणि तो स्वतःच सगळं सुरक्षित थांबवतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात हा खर्च टाळू नका.

ताई पुण्यात, तिला तिकडनं बघायचं. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरनं एनएएसपर्यंत यायला राउटरमध्ये वाट उघडायला गेलो तर काय केल्या होईना, मग कळलं राउटरला दिसणारा आयपी आणि बाहेर दिसणारा आयपी वेगळाच, म्हणजे सीजीनॅट, नेटवाल्यानं एकाच पत्त्यामागं ढीगभर घरं बसवलेली. मग टेलस्केल, लांबलांबची मशीनं खासगी वाटेनं एकमेकाला जोडणारं सॉफ्टवेअर. एनएएसवर पॅकेज सेंटरमधनं, ताईच्या टीव्हीवर ॲप, दोन्हीकडं एकच लॉगिन, आणि १०० पासनं सुरू होणारा एक पत्ता मिळतो तो तिच्या जेलीफिनमध्ये टाकायचा. दहा मिनिटं. राउटरमध्ये कुठलंच भोक पाडावं लागत नाही हे मला जास्त आवडलं. शिवाय सगळ्या फाईलींची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन तिच्याकडंच ठेवली, दोन डिस्क असल्या तरी दोन्ही एकाच कपाटात आहेत आणि कपाट पंचगंगेच्या काठावर आहे.

आता ती बुरशीची पहिली कॅसेट. फोटोग्राफरनं पेन ड्राइव्ह दिला, रात्री सगळे बसलो. मांडव, वाजंत्री, अक्षता, नवरी येतेय, आणि आई म्हणतेय ही कोण? बाबा म्हणतात तुझ्याकडची असेल. आई म्हणते माझ्याकडची असती तर विचारलं असतं का? आत्याला व्हिडिओ कॉल लावला, तिला पण नवरा-नवरी दोघंही अनोळखी. अडीच तास आम्ही कुणाचंतरी लग्न बघितलं, पंगतीपर्यंत. जेवणावळीत एक माणूस बुंदी वाढायला वाकला तेव्हा बाबा उठून टीव्हीजवळ गेले. "हा गंगावेशीतला दूधवाला न्हवं का, तरुणपणातला?"

होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दुधाच्या कट्ट्यावर विचारलं तर ते म्हणाले होय, माझ्या पुतणीचं लग्न, कॅसेट कधी मिळालीच नाही, व्हिडिओवाल्याशी भांडण करून पैसे पण अर्धेच दिलेले. तो व्हिडिओवाला आणि आमचा व्हिडिओवाला एकच, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडं दोन कामं होती, त्यांचं लग्न आणि आमच्या आबांची साठी.

मी त्यांना फाईल कॉपी करून दिली. सर्व्हरवर पण ठेवलीय, वेगळ्या फोल्डरात, नाव "पुतणीचं लग्न, दूधवाले". त्यांच्याकडं त्यावेळची एक कॅसेट पडून आहे म्हणतात, चुकून आलेली, कुणाची माहीत नाही म्हणून कधी लावली नाही, पण घर बदलल्यावर सामान गावाकडच्या वाड्यात टाकलंय. बाबा रोज दूध आणायला स्वतः जातात आता. व्हीसीआर मी आत्याला अजून परत केलेला नाही.